सुई नवी आहे का, हे विचारायला लाजू नका

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन असतं. परवा आजारी भिक्खूचा प्रसंग आला. अतिसाराने गळून गेलेला भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला, बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नाहीत. मग भगवान स्वतः आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला स्वच्छ धुतात आणि उचलून खाटेवर निजवतात. वाचन ऐकायला त्या दिवशी माणसं मात्र निम्मीच होती. बाकीची कुठे आहेत ते बाहेर पडल्यावर दिसलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या पायरीपासून नळापर्यंत रांग लागली होती. पावसाळा म्हणजे तापाचा हंगाम, आणि वर्तकनगरच्या आमच्या वस्त्यांमध्ये घरटी एक जण तरी अंथरुणाला खिळलेला.

मीही त्या रांगेत एका मावशींबरोबर उभी राहिले. आत दहा बाय बाराचा गाळा, हिरवा पडदा, एक टेबल, एक बाकडं. पडद्यामागून आवाज येत होता, “डॉक्टर, सुई द्या ना. नुसत्या गोळ्यांनी काय होणार? उद्या कामावर जायचंय.” रांगेतल्या निम्म्या लोकांचं मागणं तेच होतं. आणि बहुतेकांना सुई मिळतही होती. ती सुई कुठल्या पाकिटातून निघाली आणि टोचल्यावर कुठे गेली, हे मात्र कुणी पाहत नव्हतं.

या लेखाला निमित्त झालं ते एप्रिलमधलं. जयंतीच्या रक्तदान शिबिरात वस्तीतल्या एका तिशीतल्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून त्याला भेटायला बोलावणं आलं. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी होते. याच्या रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू निघाला. तो माझ्याकडे आला, खाली मान घालून म्हणाला, “ताई, मी दारूला शिवत नाही, बाहेर कुठे जात नाही. मग हे आलं कुठून?”

हा विषाणू रक्तातून पसरतो. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला येतो, नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, गोंदण्याच्या सुईतून येतो. आणि इंजेक्शनमधूनही येतो. हमालीमुळे त्याची पाठ धरायची आणि तो दोन वर्षं एकाच दवाखान्यात जाऊन सुया टोचून घ्यायचा. पाकीट फोडताना पाहिलंस का कधी, असं विचारलं तर म्हणाला, “कंपाउंडर पडद्यामागून भरूनच आणायचा.” विषाणू तिथूनच आला असं मी त्याला सांगू शकले नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि पुराव्याशिवाय कुणावर बोट ठेवायचं नाही. पण तिथून नाही आला, असंही मला म्हणता येईना. आता त्याची बायको आणि दोन मुलं यांची तपासणी झाली आहे, ज्यांना लस द्यायला हवी होती त्यांना सुरू केली आहे. त्याला स्वतःला दर काही महिन्यांनी यकृताची तपासणी करावी लागणार. हा आजार वर्षानुवर्षं गुपचूप बसतो आणि मग एखाद्याचं यकृत आकसून टाकतो किंवा तिथे कॅन्सर करतो.

सुईने काय होऊ शकतं याची मोठी उदाहरणं आपल्या देशातच आहेत. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात ‘ब’ काविळीची साथ आली आणि कित्येक माणसं दगावली. दवाखान्यांतून पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांकडे तपासाचा रोख गेला. वापरलेल्या सिरिंजांचा साठा भंगारवाल्यांकडे सापडला. २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ इथे तपासणी शिबिरं लागली तेव्हा चाळीसहून जास्त लोकांना एचआयव्हीची लागण झालेली निघाली. सायकलवरून फिरून स्वस्तात उपचार करणाऱ्या एका बोगस डॉक्टरने एकच सिरिंज अनेकांना वापरल्याचा आरोप झाला. दोन्हीकडे मेली आणि नासली ती गरीब माणसं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायला वेळ आणि पैसा नसलेली, आपल्यासारखीच.

या शतकाच्या सुरुवातीला इंडियाक्लेन या संस्थेने देशभर इंजेक्शनांचा मोठा अभ्यास केला होता. दर शंभरातली साधारण ६३ इंजेक्शनं असुरक्षित निघाली. त्यानंतर काचेच्या सिरिंज गेल्या, प्लॅस्टिकच्या आल्या, परिस्थिती बरीच सुधारली. पण प्लॅस्टिकची सिरिंज आली म्हणजे ती एकदाच वापरली जाते, असं आपण परस्पर धरून चालतो.

एक चूक मी स्वतः पाहिली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. नर्सिंगचा डिप्लोमा करून मी पहिली नोकरी धरली तिथे (नाव लिहीत नाही) कंपाउंडर प्रत्येक पेशंटला सुई नवी लावायचा, सिरिंज मात्र तीच. त्याला वाटायचं, अंगात जाते ती सुई, मग सिरिंज बदलायची गरज काय? मी बोलले तर म्हणाला, “सिस्टर, तुमचं पुस्तकातलं झालं.” सुई बाहेर काढताना रक्ताचा अंश उलटा सिरिंजमध्ये ओढला जातो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. ‘ब’ काविळीच्या विषाणूला तेवढं रक्त पुरतं, आणि तो अंगाबाहेर सात दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. दुसरी चूक बाटलीची. एका बाटलीत दहा-वीस जणांचं औषध असतं. वापरलेली सुई-सिरिंज पुन्हा त्या बाटलीत घातली की पुढच्या सगळ्यांच्या औषधात ते रक्त गेलं. तेव्हा नवी सुई पुरत नाही. सुई आणि सिरिंज दोन्ही नवी हवीत, एकाच बंद पाकिटातून, तुमच्या डोळ्यांदेखत फोडलेली.

यावर कुणाची देखरेख असते, असं आपल्याला वाटतं. इथेच खरी गोम आहे. ज्या ठिकाणी खाटा आहेत, पेशंट दाखल करून घेतात, ते महाराष्ट्रात १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली येतं. आपल्याकडे ती नोंदणी ठाणे महापालिकेचा आरोग्य विभाग करतो आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याचे नियम सुधारले गेले. रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावायची, ठरलेल्या पंधरा बाबींचे दर लावायचे, आणि महापालिकेने टोल फ्री नंबर असलेला तक्रार निवारण कक्ष चालवायचा, हे त्यात आलं. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असताना तिथे दुसरी बाई हजर असावी, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवू नये, हेही त्यात आहे. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना रुग्ण हक्कांसाठी वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या.

पण आपल्या गल्लीतला एका खोलीचा दवाखाना, जिथे फक्त तपासून औषध देतात, तो या कायद्यात बसतच नाही. केंद्र सरकारचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे, त्यात एकट्या डॉक्टरचा दवाखानाही येतो आणि किमान दर्जा ठरवायची तरतूद आहे. तो कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणजे वडापावच्या गाडीवाल्याला अन्न परवाना लागतो, आणि रोज साठ-सत्तर जणांना सुई टोचणाऱ्या गाळ्यात, तो उघडण्याआधी, हात धुवायला नळ आहे का हे बघायलाही कुणी येत नाही. डॉक्टरांच्या संघटना म्हणतात, छोट्या दवाखान्यांवर कागदपत्रांचं ओझं टाकलं तर ते बंद पडतील आणि गरिबाचंच नुकसान होईल. त्यात तथ्य आहे. रात्री नऊला मुलाला ताप भरला तर आपल्याला सिव्हिल नाही, कोपऱ्यावरचा दवाखानाच आठवतो, आणि पैसे पुढच्या पगाराला घेणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. पण नळ आणि साबण म्हणजे ओझं नव्हे.

म्हणून निदान डॉक्टर खरा आहे का एवढं आपण बघू शकतो. एमबीबीएस डॉक्टरची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, बीएएमएस आणि बीएचएमएस यांची त्यांच्या त्यांच्या परिषदेकडे. आपल्या वस्त्यांमध्ये बहुतेक डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस आहेत. ते बोगस नव्हेत, आणि त्यांना हिणवायचं कारण नाही. होमिओपॅथीवाल्यांनी ॲलोपॅथीची औषधं द्यावीत की नाहीत, किती शिकून द्यावीत, हा वाद कोर्टात आहे, तो तिथे चालू दे. बोगस तो, ज्याची कुठेच नोंद नाही. असा माणूस दवाखाना चालवत असेल तर महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायदा, १९६१ च्या कलम ३३ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि सक्तमजुरीची शिक्षा आहे. डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे. तिच्याप्रमाणे डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, चिठ्ठीवरही छापायचा, फी लावायची. पाटीवर नुसतं ‘डॉ.’ आणि पुढे आडनाव असेल, डिग्रीच्या जागी तीन-चार न कळणारी अक्षरं असतील, तर क्रमांक विचारा. मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. वस्तीतल्या बारावीच्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत शोधून देईल.

कचऱ्याची पिशवी सगळं सांगते

आता मला जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते. नर्सिंग होमच्या कायद्यातून छोटा दवाखाना सुटतो, पण २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांतून सुटत नाही. एक खोलीचा, एकही खाट नसलेला दवाखाना असला तरी त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून एकदा अधिकारपत्र घ्यावं लागतं, कचरा वेगवेगळा ठेवावा लागतो आणि अधिकृत संस्थेच्या गाडीकडेच द्यावा लागतो. रक्ताने भिजलेला कापूस, पट्टी पिवळ्या पिशवीत. प्लॅस्टिकची सिरिंज, सलाईनची नळी लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या, टोचून आरपार जाणार नाही अशा डब्यात. काचेच्या बाटल्या, ॲम्प्यूल निळ्या डब्यात. सुई टोचल्याबरोबर ती तोडायचं छोटं यंत्र, नीडल कटर, टेबलावर हवं. एकदा सुई तुटली आणि सिरिंजचं तोंड कापलं गेलं की ती कुणी पुन्हा वापरूच शकत नाही. मोडाशाचं भंगार आठवा.

नियम जाऊ दे, हा प्रश्न आपल्या घरचा आहे. दवाखान्याची सुई सकाळी घंटागाडीच्या कचऱ्यात गेली तर ती कुणाच्या हातात घुसते? सफाईचं काम करणाऱ्या आपल्याच भावाबहिणींच्या. भंगार वेचणाऱ्या आपल्याच मावशीच्या. जातीने ज्यांच्या हातात झाडू दिला त्यांच्याच हातात आज या सुया घुसताहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांना ‘ब’ काविळीची लसही कुणी दिलेली नाही. ही लस आता बाळाला जन्मल्याबरोबर आणि नंतर पेंटाव्हॅलेंटमधून मिळते, पण आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांच्या लहानपणी ती सरकारी लसीकरणात नव्हतीच.

कुणाला अशी सुई टोचली तर जखम दाबून रक्त काढत बसायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि तडक सरकारी हॉस्पिटल गाठायचं. एचआयव्ही टाळायची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं, दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ती २८ दिवस घ्यावी लागतात. ‘ब’ काविळीची लस घेतली नसेल तर तीही तेव्हाच मागा. सफाई खात्यात कामाला असलेल्यांनी मुकादमाला लेखी कळवा, म्हणजे पुढे हक्क सांगता येतो.

आपलंही चुकतं

डॉक्टरांना एवढं बोलल्यावर थोडं आपल्याकडे. महावग्गात सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: औषध करता येणं, काय चालतं आणि काय नाही हे कळणं, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणं, मलमूत्राची किळस न करणं, आणि रुग्णाला धीर देणं. नर्सिंगच्या शाळेत मला जे तीन वर्षं शिकवलं, त्याचा गाभा हाच. पण तिथेच रुग्णाचेही पाच गुण आहेत. पथ्य पाळणारा, त्यातली मात्रा ओळखणारा, औषध घेणारा, दुखणं आहे तसं सांगणारा आणि सोसणारा. मात्रा ओळखणं आपल्याला जमत नाही. सुई नाही दिली तर आपण त्या डॉक्टरला ‘हाताला गुण नाही’ म्हणतो आणि दुसऱ्याकडे जातो. एका चांगल्या डॉक्टरनेच मला हे सांगितलं, आणि तो खोटं बोलत नव्हता.

तापाच्या, अंगदुखीच्या बहुतेक आजारांत गोळीने होतं ते सुईने जास्त होत नाही. सुई दिल्यावर तासाभरात तरतरी येते ती अनेकदा वेदनाशामकाची किंवा डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडची असते. आजार तिथेच असतो, आणि साखरेच्या पेशंटची साखर मात्र वर चढते. पावसाळ्यात तर जास्त सांभाळायला हवं. डेंग्यू असेल तर रक्तातल्या प्लेटलेट उतरतात, अशा वेळी कमरेत सुई टोचली तर आत रक्त साकळू शकतं, आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापात पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. चौकशी करायचीच तर ‘रक्त तपासायचं का?’ ही करा. लहान मुलांना कमरेत चुकीच्या जागी सुई बसली तर पायाची मोठी नस दुखावते आणि पाऊल लोंबायला लागतं. असं एक लेकरू मी पाहिलं आहे. त्याच्या आईने स्वतः हट्ट करून सुई द्यायला लावली होती. ती माउली अजून स्वतःला माफ करत नाही.

सलाईनचंही तसंच. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ म्हणून पाचशे रुपये मोजणाऱ्या बाया मला दर महिन्याला भेटतात. अर्धा लिटर पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. चहाचे तीन कप झाले. नुसत्या नॉर्मल सलाईनमध्ये तर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, ताकद शून्य. उलट्या थांबत नसतील, माणूस पाणी पिऊ शकत नसेल, रक्तदाब उतरला असेल तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. एरवी ओआरएसची पुडी पुरते, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. अशक्तपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासा. शिरेत घातलेली प्रत्येक नळी हे जंतूंना उघडं दार आहे, विनाकारण ते कशाला उघडायचं?

आणखी एक, पुडीतल्या सुट्या गोळ्या. लाल, पिवळी, पांढरी, सकाळ-संध्याकाळ. पेशंटला रिॲक्शन आली आणि हॉस्पिटलमध्ये नेलं की तिथला डॉक्टर विचारतो, काय दिलं होतं? आपण सांगतो, लाल गोळी. गोळ्यांची नावं कागदावर लिहून मागा. आचारसंहितेप्रमाणे औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं लिहायचं आहे, आणि आपल्या उपचाराची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची आहेत. सुई घेतलीच तर लगेच घरी पळू नका. वीस-तीस मिनिटं बाकड्यावर बसा. अंगावर गांधी, धाप, चक्कर ही रिॲक्शन सहसा तेवढ्यात कळते. तिच्यावर पहिला उपाय ॲड्रेनॅलिन, ते दवाखान्यात आहे का हे विचारून ठेवायला हरकत नाही. जखमेला टाके घालायचे असतील तर कात्री-चिमटे ऑटोक्लेव्हमधून काढलेले हवेत, पातेल्यात उकळलेले नव्हेत. उकळण्याने सगळे जंतू मरत नाहीत.

भीती वाटते विचारायला, मला माहीत आहे. ‘तू मला शिकवणार का?’ असं म्हणून हाकलून दिलं तर रात्री जायचं कुठे? म्हणून एकट्याने नको. आमच्या विहारातल्या पाच-सहा जणी आम्ही गेल्या दोन महिन्यांत आसपासच्या दवाखान्यांत गेलो, गर्दी नसताना, दुपारी. पहिलं वाक्य एकच: “डॉक्टरसाहेब, जयभीम. आमच्या सफाईच्या बायकांना सुया टोचतात, म्हणून विचारायला आलोय, तुमचा कचरा कोणती गाडी नेते?” तक्रार म्हणून नाही, तर काळजी म्हणून. दोघांनी अधिकारपत्र काढून दाखवलं. एकाने चहा पाजला आणि महिनाभरात नीडल कटर आणला. एकाने दार लावून घेतलं. त्याच्याबद्दल आम्ही पाचपाखाडीला महापालिकेच्या आरोग्य विभागात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. महापालिका क्षेत्रात बोगस डॉक्टर शोधण्यासाठी समिती असते, अर्ज तिच्यासमोर ठेवावा असं त्यात लिहिलं. अजून उत्तर नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत. वेळ असेल त्यांनी सकाळी दहाला विहारापाशी यावं. तब्येतीबद्दल सल्ला हवा असेल तर १०४ आणि ॲम्ब्युलन्ससाठी १०८ हे नंबर फुकट आहेत, घरातल्या मोबाईलमध्ये घालून ठेवा.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी डॉक्टर मुलाला, यशवंतरावांना, पुण्याबाहेर हडपसरच्या माळावर दवाखाना काढायला लावला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर त्यांनी स्वतः उचलून तिथे नेलं, आणि त्याच आजारात १० मार्चला त्या गेल्या. तो दवाखानाही छोटाच होता.

रविवारच्या वंदनेनंतर मी नीडल कटर, चार रंगांच्या पिशव्या आणि एक बंद पाकिटातली सिरिंज घेऊन विहारात बसणार आहे. पाकीट कसं ओळखायचं, त्यावरची तारीख कुठे बघायची हे हातात घेऊन दाखवीन. लहान मुलांनाही आणा, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात.